पदवीच्या वर्गातले चाळिशीचे विद्यार्थी : त्यांना शिकवायचं कसं?

गिरणाकाठी

जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. रविवारी त्याच इमारतीत मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र भरतं, तिथले वर्गही घेते. आठवडाभर समोर अठरा-वीसची मुलं असतात. रविवारी अंगणवाडी सेविका, भुसावळचे रेल्वे कर्मचारी, एसटीचे वाहक, रावेर-यावलकडचे केळीवाले शेतकरी, लेक बारावीला आणि आपण प्रथम वर्षाला अशा आया. बाक तेच, फळा तोच. मग शिकवायची पद्धतही तीच चालेल का? यावर नीट बोलावं म्हणून हा धागा.

शाळेत शिकवायला डी.एड., बी.एड. लागतं. महाविद्यालयात नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते, म्हणजे विषय येतो याचा पुरावा लागतो. मोठ्या माणसाला कसं शिकवावं हे मात्र आपल्यातल्या बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं. आपण आपल्याच गुरुजींना आठवून शिकवतो.

या विषयात पहिलं नाव येतं ते अमेरिकेतल्या माल्कम नोल्स यांचं. १९७० मध्ये त्यांनी प्रौढांच्या शिक्षणाबद्दल चार गृहीतकं मांडली. मोठ्या माणसाला आपले निर्णय आपण घ्यायची सवय असते. त्याच्या गाठीशी अनुभव असतो. जे शिकायची आयुष्यात गरज पडली आहे तेच शिकायला तो मनानं तयार असतो. आणि त्याला विषय शिकायचा नसतो, समोरचा प्रश्न सोडवायचा असतो. पुढे यात दोन गोष्टींची भर पडली: हे का शिकायचं ते त्याला आधी कळलं पाहिजे, आणि त्याची खरी ओढ आतून येते, बाहेरच्या बक्षिसातून कमी.

मला यातलं अनुभवाचं सूत्र सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि ते का ते एका उदाहरणानं सांगते. आमच्या अभ्यासक्रमात प्रमाण विचलन येतं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप. वर्गमूळ, वर्गांची बेरीज, सूत्र. पुस्तकातल्या क्रमानं गेलं की वर्ग मान खाली घालून उतरवून घेतो. यंदा सूत्र बाजूला ठेवलं आणि फळ्यावर अंगणवाडीतला वाढीचा तक्ता काढला. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, केशरी पट्टा. सेविकांना विचारलं, पिवळा पट्टा नेमका इथूनच का सुरू होतो?

वर्षानुवर्षं त्या तो तक्ता भरत आहेत. कुठलं मूल कुठल्या पट्ट्यात, कुणाची आई ऊसतोडीला गेली, कुणाला जुलाब झाले होते, सगळं तोंडपाठ. पण ती रेघ तिथे कुणी आणि कशी मारली, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये वाढीची मानकं जाहीर केली, त्यातल्या रेघा आहेत या. त्या वयाच्या मुलांचं मधलं वजन घ्यायचं आणि तिथून दोन प्रमाण विचलनं खाली आलं की पिवळा पट्टा, तीन खाली आलं की केशरी. म्हणजे ज्या गोष्टीचं सूत्र त्यांना अवघड वाटत होतं, तिच्यावर त्या रोज बोट ठेवत होत्या. त्यानंतर सूत्र मांडलं, तर प्रश्न वर्गातूनच यायला लागले. दोन गावांची सरासरी सारखी, मग एका गावात केशरी मुलं जास्त कशी? याचं उत्तर दुसऱ्या सेविकेनं दिलं: तिथे काही मुलं फार चांगली आहेत आणि काही फार वाईट, सरासरीत ते झाकलं जातं. विचलनाची यापेक्षा चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडणार नाही.

तर माझं म्हणणं असं: प्रौढांना विषय सोपा करून देऊ नका, त्यांच्या कामापर्यंत आणून द्या. तुमचे अनुभव लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

शहादेकर

मॅडम, उदाहरण अप्रतिम. पण नोल्सबद्दल माझी तक्रार आहे.

मी शहाद्याकडे प्रौढांचेच वर्ग घेतो. ‘स्वतःच्या शिक्षणाची दिशा स्वतः ठरवणारा प्रौढ’ मला क्वचित भेटतो. पहिल्याच दिवशी वाक्य येतं, ‘सर, नोट्स द्या.’ चर्चा सुरू केली तर दहा मिनिटांत चुळबुळ. महत्त्वाचे प्रश्न सांगा, कुठून येतं ते सांगा. शेतात, घरात, पंचायतीत हीच माणसं खंबीरपणे निर्णय घेतात. वर्गात आली की पुन्हा पाचवीतली होतात.

आणि ओढ आतूनच असते असंही नाही. अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका व्हायचं तर पदवी लागते. पदोन्नती, वेतनश्रेणी ही बाहेरची कारणं झाली, पण ती खोटी नाहीत. त्यांना कमी लेखायचा अधिकार आपल्याला नाही.

नोल्स यांनीही १९८० च्या सुधारित आवृत्तीत आपली भूमिका मवाळ केली होती. मुलांची पद्धत आणि मोठ्यांची पद्धत असे दोन कप्पे न करता ती एकाच पट्टीची दोन टोकं मानली. विषय अगदी नवा असेल तर प्रौढालाही आधी बोट धरून न्यावं लागतं. १९९१ मध्ये जेराल्ड ग्रो यांनी हेच चार पायऱ्यांत मांडलं: आधी पूर्ण अवलंबून असणारा, मग रस घेणारा, मग सहभागी होणारा, शेवटी स्वयंनिर्देशित. त्यांचा मुद्दा असा की शिक्षक एका पायरीवर आणि विद्यार्थी दुसऱ्या पायरीवर असले की वर्ग बिघडतो. अवलंबून असलेल्याला ‘तुमचं तुम्ही शोधा’ म्हटलं तर तो बावरतो. तयार झालेल्याला सगळं भरवत बसलं तर तो चिडतो. स्वावलंबन घेऊन कुणी वर्गात येत नाही, ते वर्गात घडवावं लागतं.

अक्राणीची_सेविका

मी त्या बाजूची आहे. अंगणवाडी सेविका, बी.ए. तृतीय वर्ष. धडगाव तालुक्यात काम. शहादेकर सर, रागावू नका, पण नोट्स का मागतो ते सांगते.

आमच्याकडे वेळ नसतो हे तर आहेच. सकाळी अंगणवाडी, दुपारी गृहभेटी, मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर (मुलांच्या नोंदींचं अ‍ॅप) भरायचा, नेटवर्क मिळालं नाही तर टेकडीवर जाऊन भरायचा. पण खरं कारण वेगळं आहे. परीक्षेत पुस्तकाच्या भाषेत लिहावं लागतं आणि ती भाषा आमची नाही. घरी मी पावरी बोलते, बाजारात अहिराणी, मीटिंगला मराठी. ‘विवेचन करा’ म्हटलं की नेमकं काय लिहायचं ते समजत नाही. मला मुद्दा येत असतो. वाक्य येत नसतं. नोट्समध्ये वाक्य तयार मिळतं.

दुसरं, भीती. गावात मला सगळे ताई म्हणतात, सल्ला विचारतात. वर्गात चुकीचं उत्तर दिलं आणि मागून कुणी हसलं, तर ते गावापर्यंत जातं. लहान मुलगा चुकला तर विसरून जातो. आम्ही पुढच्या रविवारी येतच नाही. कितीतरी बाया अशाच गळाल्या. घरच्यांनी अडवलं म्हणून गळालेल्या त्यापेक्षा कमी असतील, असं मला वाटतं.

म्हणून शिक्षकांना तीन विनंत्या. वर्गात ‘मावशी’, ‘आजी’ म्हणू नका. प्रेमानं म्हणता हे कळतं, पण आम्ही तिथे विद्यार्थी म्हणून आलोय, नाव घ्या किंवा ताई म्हणा. एकदम उभं करून उत्तर विचारू नका, आधी शेजारणीशी बोलू द्या. आणि वहीवर नुसतं ‘छान’ लिहू नका. कुठे चुकलं ते लिहा. मोठं माणूस आहे म्हणून सोडून देतात, मग परीक्षेत कळतं की काही येत नव्हतं.

गिरणाकाठी

ताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावावा असा आहे. शेवटच्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. चूक न दाखवणं हा आदर नव्हे. समोरच्याला ती पेलणार नाही असं आधीच ठरवून टाकणं आहे ते.

शहादेकर, तुमची पायऱ्यांची गोष्ट आणि ताईंची भाषेची गोष्ट एकत्र वाचली तर ‘नोट्स द्या’ याचा अर्थ बदलतो, नाही का? माणूस विचार करण्यात परावलंबी नसतो, लिहिण्यात असतो. मग आधार लिहिण्यात द्यायचा. नमुना उत्तर द्यायचं, पण पूर्ण न देता शेवटचा परिच्छेद मोकळा सोडायचा. पुढच्या वेळी दोन परिच्छेद मोकळे.

वाघूर

मॅडम नकळत एका भक्कम संशोधनापाशी आल्या आहेत. १९८५ मध्ये स्वेलर आणि कूपर यांनी बीजगणितावर प्रयोग केले. नवख्यांना नुसती गणितं सोडवायला देण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर ते लवकर शिकतात, असं त्यात दिसलं. कारण एका वेळी डोक्यात धरता येतील अशा गोष्टी मोजक्याच असतात. नवख्याची ती सगळी जागा उत्तर शोधण्यात खर्ची पडते, शिकायला उरत नाही. पण माणूस त्या विषयात तयार झाला की तीच सोडवलेली उदाहरणं त्याला अडचण होतात. आधार हळूहळू काढून घ्यावा लागतो तो यासाठी.

आता ‘या वयात डोक्यात शिरत नाही’ याबद्दल. हे वाक्य विद्यार्थी म्हणतात, आणि दुर्दैवानं शिक्षकही म्हणतात. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२८ मध्येच दाखवून दिलं होतं की प्रौढ माणूस शिकू शकतो. पुढे कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. एक तरल: अगदी नवा प्रश्न झटपट सोडवायची ताकद. ती तारुण्यानंतर हळूहळू उतरते. दुसरी संचित: शब्द, ज्ञान, पारख. ती उतारवयापर्यंत टिकते, बऱ्याचदा वाढते. म्हणजे चाळिशीतल्या माणसाला घाईत शिकवलं की तो मागे पडतो, आणि माहीत असलेल्या गोष्टीला जोडून शिकवलं की विशीतल्याच्या पुढे जातो. वेळ थोडा जास्त द्या. बाकी काही सवलत नको.

आणि पाठांतर. आमच्या पिढीनं एकच धडा दहादा वाचला. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग आहे. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं तपासलं तेव्हा लिहिणारे पुढे. आठवायचा प्रयत्न हाच अभ्यास असतो. प्रयोग तरुण विद्यार्थ्यांवर होता, पण माझ्या वर्गातल्या पन्नाशीच्या माणसांनाही याचा फायदा झालेला मी पाहिलाय. तास सुरू होताना कोरा कागद द्यायचा, मागच्या रविवारचं आठवेल ते लिहा. गुण नाहीत, नाव नाही, कुणी तपासणार नाही. सेविकाताईंच्या भीतीलाही हे चालतं.

पांझरेचा_भाऊ

दादा, बठ्ठं बराबर शे! माझं एवढंच की प्रत्येकाची शिकायची शैली वेगळी असते. कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, कुणी हातानं. आपले शेतकरी हातानं शिकणारे. आधी एक चाचणी घेऊन गट पाडले तर?

वाघूर

भाऊ, हे फार ठिकाणी ऐकायला मिळतं, शिक्षकांच्या प्रशिक्षणातसुद्धा. पण २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं सगळं संशोधन तपासलं, आणि शैलीप्रमाणे गट पाडून शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. आवड प्रत्येकाची वेगळी असते, हे खरं. पण शिकवायचं कसं हे मजकुरावरून ठरवावं. नकाशा बघूनच शिकायचा, उच्चार ऐकूनच. आणि शेतकरी म्हणजे हातानं शिकणारा असा शिक्का मारला की त्याला आलेख आणि समीकरणापासून आपणच लांब ठेवतो. मला ते अन्यायाचं वाटतं.

अमळनेरी

धाग्यात अनुभवाचं फार कौतुक चाललंय, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. अनुभव चुकीचंही शिकवतो.

२०१७ ची गुलाबी बोंडअळी आठवा. कापूसवाल्यांचं कंबरडं मोडलं. माझ्या वर्गात एक शेतकरी ठामपणे म्हणायचे, ‘ज्यानं जास्त फवारलं त्याचंच जास्त नुकसान झालं, म्हणून औषध बोगस.’ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, खोटं काहीच नव्हतं. पण ज्याच्या शेतात अळी जास्त, तोच जास्त फवारणार, आणि नुकसानही त्याचंच जास्त होणार. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. ‘तुमचा अनुभव मोलाचा आहे’ म्हणून मी तिथेच थांबलो असतो, तर त्यांना पदवीच्या वर्गात येऊन काय मिळालं असतं?

मोठ्या माणसाच्या जुन्या समजुती कशा बदलतात, हा विषय जॅक मेझिरो या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ मध्ये मांडला. मोठ्या खंडानंतर महाविद्यालयात परतलेल्या अमेरिकन स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला होता. मुलाच्या डोक्यात माहितीची भर पडते, मोठ्या माणसाला मात्र आधीची समजूत उलगडून पुन्हा बांधावी लागते, असं त्यातून मला उमगलं. हे दुखतं. आपण आजवर ज्यावर विश्वास ठेवला ते तपासायला निघालो की माणूस अस्वस्थ होतो, कधी चिडून वर्ग सोडतो. त्या अवस्थेत शिक्षकानं सोबत राहणं हे मला या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं.

ब्राझीलचे पाउलो फ्रेरे यांनी विद्यार्थ्याला रिकामं खातं समजून त्यात माहितीचा भरणा करणाऱ्या शिक्षणावर टीका केली, ती आपण सगळे सांगतो. पण विद्यार्थी बोलेल ते बरोबर, असं फ्रेरे कुठेच म्हणत नाहीत. त्यांचा आग्रह संवादाचा आहे, आणि संवादात शिक्षकालाही बोलावं लागतं. आपल्या मातीत हे नवं नाही. फुले दांपत्यानं १८५५ मध्ये शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसभर राबलेल्या माणसाला अक्षरांसोबत प्रश्न विचारायची ताकद द्यायची, हा हेतू तिथेही होता.

तापीखोरे

अनुभव आणि सिद्धांत यांच्यातला पूल मी रोज बघतो, म्हणून लिहितो. माझा संबंध शेतीशाळेशी आहे. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातासाठी सुरू झाली, पुढे जगभर पसरली. आपल्याकडे कृषी विभाग कापूस, मका, तूर अशा पिकांवर शेतीशाळा घेतो.

वर्ग शेतातच. शेतकरी गटागटानं ठरावीक झाडं तपासतात. मित्रकीटक किती, शत्रूकीटक किती, पातेगळ (कळ्यांची गळ) किती, हे मोजतात. मग बांधावर बसून मोठ्या कागदावर झाड काढतात, एका बाजूला मित्र, दुसऱ्या बाजूला शत्रू. प्रत्येक गट आपलं चित्र मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात, आणि या आठवड्यात फवारायचं की नाही हे सगळे मिळून ठरवतात. पुढच्या वेळी तेच झाड बघतात: ठरवलं ते बरोबर निघालं का?

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं. प्रत्यक्ष अनुभव, त्याकडे मागे वळून पाहणं, त्यातून नियम काढणं, तो नियम पुन्हा वापरून पाहणं. शेतीशाळेत हे चारही टप्पे दिसतात. अमळनेरी सरांच्या त्या शेतकऱ्याचं काय चुकलं तेही यात दिसतं. पहिल्या टप्प्यावरून त्यांनी थेट तिसऱ्यावर उडी मारली. मोजलं नाही, तुलना केली नाही.

महाविद्यालयात बहुतेक वेळा उलटं घडतं. तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात आणि तिथेच शेवट. केळीवाल्या विद्यार्थ्याला सरासरी आणि विचलन शिकवायचं तर घडांची वजनं त्यालाच मोजून आणू द्या. दोन बागांची सरासरी सारखी निघेल, पण माल एकसारखा कुठल्या बागेत आहे हे व्यापारी आधी बघतो. त्याला हे ठाऊक असतं. आकड्यात कसं मांडायचं, ते तुम्ही शिकवा.

अक्राणीची_सेविका

अमळनेरी सरांचं पटलं. आमच्यातही ‘पहिलं चीकदूध टाकून द्यायचं’ अशा समजुती अनुभवाच्या नावानंच चालत आल्या. मी स्वतः गृहभेटीत त्या काढायचं काम करते, म्हणजे मीही प्रौढांना शिकवतेच. तिथे एक शिकले: ‘तुमचं चूक आहे’ म्हटलं की सासू उठून जाते. ‘मागच्या बाळाला कधी पाजलं होतं, ते कसं होतं?’ असं विचारलं की ती थांबते.

वर्गात गटचर्चा आमच्या भाषेत होऊ द्या, मग मराठीत लिहून घ्या. आमच्या एका मॅडमनी असं केलं, तेव्हा कधीच न बोलणाऱ्या बाया बोलायला लागल्या. मॅडमना पावरी येत नव्हती, तरी चाललं.

शहादेकर

हे मी याच रविवारपासून करतो. ताई, तुमच्या ‘विवेचन करा’वरही काम करायला हवं. स्पष्ट करा, तुलना करा, विवेचन करा, टीप लिहा, प्रत्येकाला नेमकं काय अपेक्षित आहे ते एका तासात उदाहरणांसह दाखवतो. तरुण मुलांनाही ते कुठे येतं!

पांझरेचा_भाऊ

एक बारीक प्रश्न. मोठ्या वयात शिकायचं तर मुक्त विद्यापीठ ही चांगली सोय आहे. पण आलेली माणसं टिकत नाहीत. भुसावळचा माझा मित्र रेल्वेत रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीसोबत जाणाऱ्या कर्मचाऱ्यांत आहे. रविवार त्याच्या हातात नसतो, ड्युटी कधी लागेल सांगता येत नाही. त्याच्यासाठी हे सगळे सिद्धांत काय कामाचे?

गिरणाकाठी

भाऊ, प्रश्न बारीक नाही. वर्गात येऊच न शकणाऱ्याला कुठलीच पद्धत पोचत नाही.

आमच्याकडे काय करतो ते सांगते. प्रत्येक घटकाचं बोलणं छोट्या ध्वनिफितींत करून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकते, एका फितीत एकच कल्पना. शेवटी एक प्रश्न असतो, उत्तर बोलून पाठवलं तरी चालतं. रनिंग रूममध्ये (त्यांच्या विश्रांतीच्या खोलीत) पडल्या पडल्या ऐकता येतं, डाटा कमी लागतो. शिवाय प्रत्येकाला वर्गातला एक जोडीदार दिलाय. जो आला नाही त्याला जोडीदार फोनवर समजावून सांगतो, आणि समजावताना त्याचाही अभ्यास होतो. लागोपाठ दोन रविवार कुणी दिसलं नाही तर फोन मी करते. हजेरीचं विचारत नाही, घरी सगळं ठीक आहे ना एवढंच विचारते. त्या फोननं बरेच जण परत आलेत.

तुमच्या मित्राला या घटकाच्या फिती चालतील का ते विचारून कळवा. अभ्यासकेंद्र कुठलंही असो, पाठवते. वाघूरसरांचा कोऱ्या कागदाचा प्रयोग फोनवर कसा जमेल, ते मात्र कुणीतरी सुचवा.

वाघूर

सोपं आहे. फित ऐकायच्या आधी त्याला मागच्या फितीतलं आठवेल ते एका मिनिटात बोलून पाठवायला सांगा. ते आलं की मगच पुढची फित पाठवा.